मागच्याला दिसतंय का?

बसणे या विषयावर आमच्या आतोबांइतका विचार केलेला माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात झाला नसेल. आणि गंमत अशी की, ते स्वतः कधी बसलेले कुणाला दिसत नसत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून नोकरी करून ते पनवेलला स्थायिक झाले होते. मी तिथल्या मुलींच्या शाळेत नोकरीला लागले आणि त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुझ्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीला फळा दिसतो का?" मी म्हटलं, दिसत असावा. "असावा?" ते इतके दुखावले की, दुसऱ्या दिवशी माझ्या आधी वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसल्यासारखे वाकून उभे होते. हेडमास्तरीणबाईंनी त्यांना खिडकी दुरुस्त करणारा माणूस समजून एक कडीही बसवून घेतली.

नोकरीत त्यांनी आयुष्यभर मोऱ्या बांधल्या. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी काढून देतात त्या दगडी कमानींच्या मोऱ्या. त्यांच्या मोऱ्यांवरून लाखो माणसं गेली असतील, पण थांबून एकाही माणसाने खाली वाकून पाहिलं नसेल. "आपलं काम असं की, लोक त्याच्यावरून जातात," ते म्हणत. "एकदा असं काही बांधायचंय की, लोक त्याच्यावर येऊन थांबतील." हे थांबणं म्हणजे मैदानातली प्रेक्षकांची बैठक. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी परदेशातल्या एका क्रीडागाराचं चित्र पाहिलं होतं. त्यात सकाळी शर्यती, संध्याकाळी नाटक आणि सुट्टीच्या दिवशी बाजार भरत असे. ते चित्र आतोबांनी देवघराशेजारी लावलं. आत्या रोज सकाळी देवाला हळदकुंकू वाहून झालं की, त्या चित्राकडे बघून नुसता सुस्कारा टाकायची.

त्यांच्या खिशात कायम एक सुतळी असे. डोळ्यापासून पाहण्याच्या वस्तूपर्यंत ती ताणायची आणि मधे कुणाचं डोकं येतं का ते बघायचं, ही त्यांची शास्त्रीय पद्धत. कीर्तनाला गेले तर बुवांच्या पगडीपासून मागच्या भिंतीपर्यंत सुतळी ताणून, वाटेत येणाऱ्या उंच पोस्टमास्तरांना हाताला धरून कडेला बसवत. लग्नात अंतरपाट धरणाऱ्या दोघांना त्यांनी भर मंगलाष्टकात दोन पावलं सरकवलं होतं. मला पाहायला पाहुणे आले, त्या दिवशी तर त्यांनी दिवाणखान्यात पुढे चटई, मागे पाट, त्यामागे खुर्च्या आणि सर्वांत मागे टेबल अशी उतरंड रचली. धांदलीत खुद्द मुलगा टेबलावर गेला. त्याला माझ्याऐवजी माझ्या वडिलांचं टक्कल तेवढं दिसलं. लग्न मात्र जमलं. "नीट दिसलं नाही म्हणूनच जमलं," असं आत्या अजून म्हणते.

घरात स्वयंपाकघराबाहेरच्या ओसरीवर त्यांच्या बैठकीचा नमुना मांडलेला असे. पायऱ्या पाटांच्या आणि जुन्या पंचांगांच्या, प्रेक्षक कडधान्याचे. काळे वाटाणे म्हणजे पुरुष, चवळी म्हणजे बायका. चवळीची संख्या बघून मी एकदा म्हटलं, "आतोबा, इतक्या बायका मैदानावर येतातच कुठे?" "बसायला जागा नाही म्हणून येत नाहीत. जागा केली की येतील." आमचं घर मैदानाच्या कुंपणाला लागून होतं, तरी आत्याने हुतूतूचा सामना कधी पाहिलेला नव्हता, तिने वर्षानुवर्षं सामने फक्त ऐकले होते. पुरुषांच्या चार फळ्यांची भिंत मैदानाभोवती उभी राहत असे आणि तिच्या मागून बाईमाणसाला दिसायचं ते पाठी आणि टोप्या. घरात काही नसलं की आत्या मात्र ओसरीवरून हाक मारी, "अहो, उठवा तुमचे प्रेक्षक, मला उसळ टाकायचीय!" आतोबा कळवळून म्हणत, "अगं, निदान बायकांची रांग तरी ठेव!"

हे सगळं ओसरीवरच राहिलं असतं, पण मैदानावर गदा आली. मैदान होतं शेजारच्या लाकडाच्या वखारीच्या शेठचं. शेठ कोकणी मुसलमान, दिलदार माणूस. त्यांच्या वाडवडिलांपासून गावाची पोरं त्या जागेवर खेळत आलेली. पण धंदा वाढला, ओंडके रस्त्यावर यायला लागले, तेव्हा त्यांनी एक दिवस आतोबांना बोलावून सरळ सांगितलं, "साहेब, खफा होऊ नका. हे मैदान वर्षातले चार दिवस जागं असतं आणि बाकी झोपून असतं. माझी लाकडं उघड्यावर कुजतायत. झोपलेली जमीन मी किती दिवस सांभाळू?" आतोबांनी रागावण्याऐवजी डोळे मोठे केले. "म्हणजे जमीन वर्षभर जागी राहिली तर द्याल?" शेठ हसले. "पुढच्या होळीपर्यंत जागवून दाखवा. नाही जमलं तर शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी माझे ओंडके आत येतील." मैदानावर हुतूतू खेळणारी गावच्या तालमीतली पोरं हिरमुसली. आतोबा मात्र घरी आले ते सुतळी फिरवत. "मास्तरीणबाई," मला म्हणाले, "कामाची यादी करायला घे."

यादी करणं मला आवडतं, मी लगेच बसले. दगड नेऱ्याकडच्या खाणीतून. तिकडे माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या बैलगाडीवाल्यांनी येताना थोडे थोडे दगड घालून आणायचे. चुना, वाळू आणि हात तालमीचे. पायऱ्या मैदानाच्या पश्चिमेला, म्हणजे दुपारच्या सामन्यात ऊन प्रेक्षकांच्या पाठीशी. दोन्ही टोकं जराशी आत वळवलेली, म्हणजे कडेच्या माणसाची मान अवघडायला नको. आणि पायऱ्यांच्या खाली काय? आतोबांना आयुष्यात एकच गोष्ट बांधता येत होती. पायऱ्यांखाली त्यांनी ओळीने मोऱ्या बांधल्या! गावाला हसायला नवा विषय मिळाला. "ओव्हरसियरांनी गावाला मोरीवर बसवलं!" पण त्या कमानींत एकीत तालमीची हत्यारं गेली, दुसरीत नाटक मंडळींचे पडदे, तिसरीत पाणपोई आणि चौथीत कुणी न विचारता बकऱ्या बांधल्या. आतोबांनी बकऱ्यांनाही यादीत घालायला लावलं.

एकच अडचण उत्तरेच्या टोकाला होती. तिथे चिंचेचं जुनं झाड. त्याच्या सावलीत खाडीकडच्या कोळणी टोपल्या टेकवायच्या. झाड तोडलं तर बैठक पूर्ण. ठेवलं तर वरच्या पायरीवरच्या शेवटच्या जागेसमोर नेमका बुंधा. मंडळी कुऱ्हाड घेऊन तयार होती. आतोबा दिवसभर सुतळी ताणत फिरले आणि शेवटी म्हणाले, "झाड राहू दे. ती खराब जागा माझ्या नावावर लिहा."

पायऱ्या उभ्या राहिल्या आणि मैदान जागं राहू लागलं. तालुक्यातल्या मंडळांचं भजन झालं, माझ्या शाळेतल्या मुलींची कवायत झाली, नाटकवाल्यांनी मैदानात मंच उभारून पायऱ्या भरल्या. आणि रोज सकाळी, पायऱ्यांवर समोरून कडक ऊन येतं हे हेरून, कोळणींनी त्यावर जवळा, म्हणजे ती अगदी बारीक कोळंबी, वाळत घालायला सुरुवात केली. आतोबा खूष. "सकाळचा वापर मला सुचलाच नव्हता!" त्यांनी हिराबाईला, म्हणजे त्या बायकांच्या पुढारणीला, ऊन कितीपर्यंत टिकतं तेसुद्धा समजावून सांगितलं. दुपारच्या आत जवळा उचलायचा, मग मैदान खेळाला मोकळं, असा करार झाला.

होळीच्या आधी हुतूतूचा मोठा सामना ठरला, ओवे गाव विरुद्ध पनवेल. शेठ स्वतः बघायला येणार आणि तिथेच काय ते सांगणार. आणि नेमकं त्या दिवशी सकाळभर आभाळ भरून राहिलं. दुपार टळली, गाड्या भरभरून माणसं आली, आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या पायऱ्यांवर ओलसर जवळा गुलाबी सतरंजीसारखा पसरलेला! तालमीचा उस्ताद ओरडला, "ए बायांनो, उचला तो कचरा!"

"कचरा कुनाला बोलतंस रं?" हिराबाई कमरेला हात लावून उभी राहिली. "ओला जवळा उचलला त कुजंल. ओवरशेरांनीच सांगलान, सकाळी ऊन हाय म्हनून. आमी आभाळ नाय आणलं!"

सगळे आतोबांकडे पाहू लागले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मैदान राहणार की जाणार ते या एका दुपारवर होतं, आणि बांधलेल्या पायऱ्यांवर एकही माणूस नव्हता. त्यांनी हातातली सुतळी गुंडाळून खिशात ठेवली. मग म्हणाले, "उचलायचा नाही. त्या आधी आल्यात. लोक उभे राहून बघतील." तालमीतल्या पोरांनी डोक्याला हात लावला. माणसं पूर्वीसारखी चार फळ्या करून उभी राहिली, आणि मागच्या फळीतून पूर्वीसारखाच ओरडा सुरू झाला, "बसा खाली! दिसत नाय!" तेवढ्यात शेठ आले, नाकाला रुमाल लावून. "साहेब, तुमचे प्रेक्षक फारच बारीक दिसतायत."

आतोबा मागच्या फळीतल्या एका म्हाताऱ्याकडे बघत होते, जो टाचा उंचावून उंचावून दमला होता. हिराबाईनेही बघितलं. खाडीवरून वारा सुटला होता. तिने तोंड वर करून तो अंगावर घेतला आणि हाक दिली, "अगं पोरींनो, वरल्या पायऱ्यांवं वारा बेस लागतंय. खालचा जवळा वर घ्या! मानसांना खालती बसू द्या!" बायकांनी पदर खोचले. बघता बघता खालच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या, झटकल्या गेल्या, आणि माणसं भराभर बसली. आता वर जवळा, खाली माणसं. पण मधे राखण नको? कावळे होते, आणि माणसांचाही काय भरवसा! म्हणून हिराबाई आणि तिच्या सगळ्या जणी मधल्या पायरीवर ओळीने बसल्या. बायका बसलेल्या पाहून कुंपणापलीकडून आत्या येऊन त्यांच्या पुढच्या पायरीवर बसली, तिच्यामागे शेजारणी, मग माझ्या शाळेतल्या मुली. ओसरीवरची चवळीची रांग जशीच्या तशी तिथे उतरली.

सामना सुरू झाला. पनवेलचा गडी ओव्याच्या चौघांना ओढत रेषेवर आला तेव्हा आत्या, जिने घराबाहेर कधी आवाज चढवला नव्हता, उभी राहून ओरडली, "हात लांब कर रे मेल्या!" मागून हिराबाई म्हणाली, "ओ बाय, खाली बसा. आमाला दिसत नाय." आतोबांनी ते ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. शेठचा रुमाल नाकावरून कधी गळून पडला, ते त्यांनाही कळलं नाही.

पनवेल हरलं. शेठ उठले, वरचा जवळा पाहिला, खालची माणसं पाहिली, कमानीतली बकरी पाहिली. "सकाळी मासळी, दुपारी खेळ, खाली जनावरं. साहेब, ही जमीन तर माझ्यापेक्षा कमी झोपते! राहू द्या. माझे ओंडके मी खाडीच्या बाजूला नेतो." तालमीच्या पोरांनी आतोबांना उचललं, आणि बसवायचं कुठे म्हणून वर नेऊन चिंचेमागच्या त्यांच्या नावच्या जागेवर बसवलं. आतोबा बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

पुढे ते प्रत्येक सामन्याला तिथेच बसत. आम्ही किती सांगितलं, तिथून काही दिसत नाही, पुढे या. "माझं बरं चाललंय," म्हणत. सुतळीही हळूहळू घरीच राहू लागली.

आता आतोबा नाहीत. मैदान आहे, जवळा आहे, हिराबाईची सून आहे. हल्ली नाटकाला बायकांचीच गर्दी जास्त असते. गेल्या महिन्यात आत्याला सामन्याला घेऊन गेले तर सगळ्या पायऱ्या भरलेल्या, एकच जागा रिकामी होती, ती आतोबांची. आत्याला खाली बसवून मी तिथे जाऊन बसले. समोर बुंधा. मैदान खरंच दिसत नव्हतं. पण टोक आत वळवलेलं असल्यामुळे बैठक मात्र सगळी दिसत होती, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत प्रत्येकाचा चेहरा. कुणी श्वास रोखलेला, कुणी ओठ चावतोय, एका पोरीने दोन्ही हातांनी आईचा दंड घट्ट पकडलेला. खाली आत्या मान उंच करून बघत होती. सामन्यात काय झालं ते मला कळलं नाही. मी फक्त एकेका चेहऱ्याकडे बघत होते, आणि सगळ्यांना दिसत होतं.