डोहाळ्याची माती

माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले आणि तिला माती खायचे डोहाळे लागले. सातव्या महिन्यात ती सासरहून, जळकोटहून, अर्धापूरजवळच्या आमच्या गावी बाळंतपणासाठी आली. आली ती थेट सारवलेल्या चुलीपाशी जाऊन वास घेत बसली. मायला कोण आनंद! आमच्याकडे डोहाळा म्हणजे देवाची आज्ञा. पोटुशीचं मागणं पुरवलं नाही तर बाळाचे कान फुटतात म्हणे. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडणारी माझी माय आठवडी बाजारातून भाजलेल्या मातीच्या वड्या घेऊन यायची, तेही घासाघीस न करता. बहीण त्या दाताखाली करकर फोडायची आणि आम्ही कौतुकानं बघत बसायचो.

आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या कोनाड्यात पडून होत्या. "त्यानं संडास काळी होतीय, मग लेकरू काळं न्हाई का होणार?" माय म्हणायची. बहिणीलाही ते पटायचं. ती जन्मभर सावळी म्हणून बोलणी खात आली होती, आपलं लेकरू तरी त्यातून सुटावं असं तिला वाटे.

ओसरीच्या दोन पायऱ्या चढली तरी तिला धाप लागायची. माय म्हणायची, दोन जिवांची आहे, दमणारच. डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसून ती पाटावर बसली तेव्हा ओटी भरायला आलेल्या बायका थक्क झाल्या. "अगं बाई, किती गोरी पडली! पोटातल्या लेकराचं तेज हाय ते." बहीण लाजली. नंतर आरशासमोर बराच वेळ उभी होती. एवढी खूश मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

नांदेडच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. रक्तस्राव झाला आणि तासाभरात ती गेली.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "माती खात होती का?" मी हो म्हटलं. त्या भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, अंगातलं लोह कमी झालं की माणसाला माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काहीबाही खावंसं वाटतं. आणि मातीतून लोह मिळत नाही, उलट जेवणातलंही ती अंगी लागू देत नाही. "एवढं रक्त जाऊनही दुसरी बाई वाचली असती. हिच्या अंगात आधीच रक्त नव्हतं." ज्याला आम्ही तेज म्हणत होतो तो पांढरेपणा होता, हे मला तिथं, दवाखान्यातल्या बाकड्याशेजारी कळलं.

तेराव्यानंतर मी मायला हे सांगितलं. एकदाच. "म्हंजी माझ्या लेकीला मीच मारलं म्हंतीस, अक्का?" मग पदरात तोंड घालून तिनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या बायका धावून आल्या. पुन्हा तो विषय काढायची माझी छाती झाली नाही. तिच्यापाशी आता एकच समाधान उरलंय, तेच ती येईल-जाईल त्याला सांगते, "तिचं एक मागणं मागं ठेवलं न्हाई मी." ते तरी कसं हिसकावून घ्यायचं? या घरात खरं बोलायची सोयच राहिली नाही.

भाची मायजवळच वाढली. आता आठवीत आहे. गेल्या वर्षी तिची पाळी सुरू झाली. शाळेत मिळणारी लोहाची गोळी ती मळमळतं म्हणून थुंकून टाकते. परवा माहेरी गेले तर पोर खाटेवर पडून पाटीवरची पेन्सिल चघळत होती. उशाशी अख्खा डबा. मायनंच आणून दिलेला.

"आईवर गेलीय," माय डोळे पुसत म्हणाली.

मी पोरीला जवळ घेतलं, खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल म्हणून काही नव्हतं. हिला आजच्या आज दवाखान्यात नेते आणि या खेपेला तू कितीही रड, सगळं सांगते, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात मायनं नातीची हनुवटी धरून तिचा चेहरा माझ्याकडे वळवला.

"बघ की अक्का," ती म्हणाली, "हुबेहूब आईसारखी गोरी व्हायलीय."