दोन संवादांमधली जागा

सुरेखाताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. म्हणाल्या, "हे घरी लागलं तर मी दुसऱ्या मिनिटाला बंद करीन."

डेमोला चार दिवस राहिले होते.

आमची कंपनी चार जणांची. लोअर परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा. मी मूळची साउंड एडिटर, माझा पार्टनर केदार सॉफ्टवेअरचा. आम्ही ऑडिओ डिस्क्रिप्शन करतो. म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना मालिका कळावी म्हणून पडद्यावर काय चाललंय ते एक आवाज मधूनमधून सांगतो. माणूस बसवून हे लिहायचं तर एका एपिसोडला दोन दिवस जातात. रोजच्या मालिकेला ते परवडत नाही. केदारने हेच काम करणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं.

एका मोठ्या चॅनेलने छोट्या कंपन्यांसाठी इनोव्हेशन प्रोग्रॅम काढला होता. निवड झाली तर सहा महिने त्यांच्याच मालिकांवर काम. आम्ही अर्ज केला, शॉर्टलिस्ट झालो. चॅनेलने आपल्याच मालिकेची एक क्लिप पाठवली आणि त्यावर डेमो द्या म्हणाले. हातातलं दुसरं काम संपत आलं होतं. हे मिळालं नसतं तर गाळा सोडावा लागणार होता.

सुरेखाताई जाधव नायगावच्या. पस्तिशीत दृष्टी गेली, त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दादरला एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या. ओळखीतून त्यांना ऐकायला बोलावलं होतं. खरं सांगायचं तर शाबासकी मिळेल म्हणूनच बोलावलं होतं.

क्लिपमध्ये सून सासऱ्यांना डॉक्टर काय म्हणाले ते विचारते. सासरे गप्प राहतात आणि हळूच मेडिकल रिपोर्ट पेपराखाली सरकवतात. आमचं सॉफ्टवेअर सांगत होतं, हिरव्या साडीतली स्त्री, मागे फ्रीज, फ्रीजवर फुलदाणी, खुर्चीत वृद्ध पुरुष. शिवाय सुनेचं अर्धं वाक्य त्या आवाजाखाली बुडालं होतं.

"फुलदाणीचं मी काय करू?" सुरेखाताईंनी विचारलं. "सासरे गप्प का झाले ते सांगा ना."

केदार दुखावला. सॉफ्टवेअरला सगळं दिसतं हीच तर आपली ताकद, असं त्याचं म्हणणं. सुरेखाताई शांतपणे म्हणाल्या, "दिसतं सगळंच रे. महत्त्वाचं काय ते कोणीतरी ठरवायला नको?"

तो अर्धा तास खाली चहाच्या टपरीवर बसला. वर आल्या आल्या त्याने लॅपटॉप उघडला.

पुढचे तीन दिवस सुरेखाताई रोज आल्या. केदारने आधी संवादांमधल्या रिकाम्या जागा शोधून काढल्या. आवाज फक्त तिथेच येणार. मग सॉफ्टवेअरला फक्त बदल टिपायला लावलं. कोण आलं, कोणी काय उचललं, कोण कोणाकडे बघतंय. त्या यादीतून काय ठेवायचं ते मात्र माणूसच निवडणार. सगळं छाटल्यावर त्या प्रसंगाला एकच वाक्य उरलं. 'सासरे रिपोर्ट पेपराखाली सरकवतात.' ते ऐकून सुरेखाताईंनी पुढचा भाग लावायला सांगितला.

अडचण अशी की अर्जात आम्ही 'पूर्ण ऑटोमॅटिक' असं लिहिलं होतं. केदार म्हणाला, माणूस निवडतो तेवढं डेमोत बोलू नकोस. मला ते पटलं नाही. डेमोच्या सुरुवातीलाच मी सांगून टाकलं, की अर्जातला तो शब्द चुकीचा आहे, शेवटची निवड माणूस करतो.

समोर चॅनेलचे तिघे होते, अलीकडे मी, केदार आणि सुरेखाताई. टेक्नॉलॉजीवाल्या साहेबांनी विचारलं, "मग यात इनोव्हेशन काय?" मी म्हटलं, दोन दिवसांचं काम दोन तासांवर आलंय. त्यांनी मान हलवली, पण चेहरा बदलला नाही.

मग प्रोग्रॅमिंग हेड मॅडम म्हणाल्या, "क्लिप छान आहे. पण ती शांत होती. आमच्या बाकीच्या मालिकांत पात्रं सतत बोलतात, नाहीतर म्युझिक असतं. तुम्हाला जागा मिळणार कुठे?"

मी केदारकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता.

माझ्या शेजारून सुरेखाताई म्हणाल्या, "मॅडम, मी तुमच्या मालिका रोज ऐकते. कोणी काही भयंकर बोललं की तीनदा धाडधाड वाजतं. तेव्हा काय दाखवता?"

मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकाचा चेहरा. तीन-तीनदा."

"म्हणजे तेवढा वेळ गोष्ट पुढे जात नाही. आम्ही घरी नुसते बसून असतो. ती जागा द्या की आम्हाला."

आधी मॅडम हसल्या, मग टेक्नॉलॉजीवाले साहेब. साहेबांनी आपल्याच चॅनेलच्या कालच्या एका एपिसोडची फाइल मागवली आणि केदारला तिथेच रिकाम्या जागा काढायला सांगितलं. पडद्यावर प्रत्येक रिकाम्या जागेची हिरवी पट्टी, अशा पट्ट्या उमटत गेल्या. त्या इतक्या होत्या की मॅडम म्हणाल्या, "पुरे. आमच्या डायरेक्टरला हे दाखवू नका."

आठवड्याने मेल आला. निवड झाली होती. केदारने तो मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला, मग सुरेखाताईंना फोनवर तिसऱ्यांदा. चॅनेलने एक अट स्वतःहून घातली होती, की प्रत्येक एपिसोड दृष्टिहीन प्रेक्षकाने ऐकून पास केल्याशिवाय दाखवायचा नाही. त्या कामावर आम्ही सुरेखाताईंना घेतलं. पगार त्यांनी स्वतः ठरवला आणि तो आम्ही मान्य केला.

ज्याच्यासाठी वस्तू बनवायची त्याला ती बनवायच्या आधी बोलवावं. इतकी साधी गोष्ट आम्हाला चार दिवस उरले तेव्हा कळली. पहिल्याच आठवड्यात सुरेखाताईंनी तीन एपिसोड नापास केले. दोन केदारचे, एक माझा.