गिरणीतला राजा आणि माझी नथ

आमच्या ह्यांचं नाक टोचलेलं होतं आणि मुरबाडच्या नाटकवाल्या पोरांना तेवढंच पुरलं. आधीची दोन मुलं हाती लागली नव्हती, म्हणून सासूबाईंनी ह्यांचं नाक पाळण्यातच टोचून घेतलं. यमाला वाटावं मुलगी आहे आणि त्याने पुढचं घर धरावं. यम फसला की नाही देव जाणे, पण नथ घालायला नाक तयार, म्हणून दरवर्षी राणीचं काम ह्यांच्याच गळ्यात. आवाज म्हणाल तर बैल हाकणाऱ्याचा. त्याची कोणाला फिकीर नव्हती.

माझं सासरचं पहिलंच वर्ष होतं. वैशाखऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी आपली मोत्यांची नथ माझ्या नाकात घातली. सासरे गेले त्या दिवशी उतरवून त्यांनी ती डब्यात ठेवली होती, ती सुनेसाठीच बाहेर काढली. खेळाच्या आदल्या दिवशी हे माझ्यामागे लागले, "पितळेच्या नथीनं नाक चिघळतं गो, एका सांजेपुरती दे." मी पाघळले. सासूबाईंना सांगितलं, नाक दुखतंय म्हणून काढून ठेवलीय. ह्यांनी राणीसाठी मिशी उतरवली होती, आईला सांगितलं की चूल फुंकताना जळली. त्या आठवड्यात आमच्या घरात खरं बोलणारी एकटी म्हैस होती.

खेळ भाताच्या गिरणीत होता. इंजिन बिघडलेलं, त्याचा कसलासा भाग कल्याणहून यायचा होता, म्हणून जागा मोकळी. दोन चादरी जोडून पडदा केलेला. लढाईचे दिवस, रॉकेल मिळेना, तेव्हा दिवस मावळायच्या आतच खेळ उरकायचा असं ठरलं. जागा कितीही झाडली तरी भाताचा कोंडा काही जाईना, आणि पडदा वर जायच्या आधीपासून निम्मी माणसं शिंकत होती.

मी निर्धास्त होते, कारण सासूबाई असल्या खेळांना कधी जात नसत. पण ऐन वेळी शेजारणीने त्यांना सांगितलं की देवाधर्माचा खेळ आहे. सासूबाई हातात नारळ घेऊन निघाल्या. मी पदर नाकावर ओढून त्यांच्या मागून चालू लागले.

बायकांच्या बाजूला पोती अंथरली होती, तिथे आम्ही बसलो. राणी बाहेर आली. अंगावर माझं हिरवं लुगडं, नाकात माझी नथ. सासूबाईंनी बराच वेळ टक लावून पाहिलं.

"काय गो, नाक दुखतंय ना तुझं?"

मी मान खाली घातली. आज घरी गेल्यावर आपली धडगत नाही, हे मी ओळखलं. तेवढ्यात त्या शेजारणीला म्हणाल्या, "रानी बरी दिसते. माझ्यावर गेली हाय."

दुसऱ्या अंकात राजा लढाईत पडला. पडला तो नेमका कोंड्यात. राणीने असा हंबरडा फोडला की बाहेरचे बैल उठून उभे राहिले. मग बांगड्या फोडायच्या म्हणून तिने हात आपटले आणि नथ उतरवायला बोटं नाकाशी नेली.

"हात काढ!"

सासूबाई उभ्या होत्या. बायकांमधून वाट काढत त्या थेट पुढे गेल्या.

"नथीला हात लावू नको सांगते."

राणी गोंधळली. "आये, राजा मेलाय. उतरवाया लागंल."

"मंग जिता करा त्याला."

खेळ बसवणारे मास्तर वही घेऊन रचलेल्या पोत्यांआडून बाहेर आले. "आजी, वहीत तसंच लिवलंय."

"वही तुमची. नथ माझी हाय."

सासूबाईंच्या हातात अजून नारळ होता आणि तो त्या कुठे फोडतील याचा नेम नव्हता. मास्तर दोन पावलं मागे सरले. एवढ्यात मेलेला राजा सणसणीत शिंकला.

"बघा!" सासूबाई लोकांकडे वळल्या. "मेला मानूस शिंकतो काय?"

टाळ्यांनी पत्रे वाजले. राजा अंगावरचा कोंडा झटकत उठला आणि दुसरं काही सुचेना म्हणून राणीला म्हणाला, "पानी आन." तिसरा अंक सगळा विधवा राणीच्या वनवासाचा होता, तो आता करणार काय? सासूबाईंनी गिरणीच्या इंजिनापुढे नारळ फोडला. खोबरं खाऊन लोक उजेडी घरी गेले.

घरी आल्यावर मी चुलीपाशी जाऊन बसले. आता बोलणी बसणार, कदाचित एखादा फटकाही. सासूबाईंनी ह्यांच्याकडून नथ घेतली, तिच्यावरचा रंग पाण्याने धुतला, पदराने पुसली आणि माझी हनुवटी वर करून स्वतःच माझ्या नाकात घालू लागल्या. तार दोनदा चुकली. मला रडू आलं.

"ही मी एकदा उतरवलीय गो," त्या म्हणाल्या. "तवा कोन शिंकलं नाय."