फुकट वाजवता येत नाही

रेडिओ केंद्रात नोकरी करणारा माणूस शेजारी राहत असला, की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. आमच्या नगरच्या गल्लीत दिनकरराव राहतात. केंद्रातल्या टेपांचं कपाट सांभाळतात. संध्याकाळी ओट्यावर चहाचा कप दिला, की झालं! हसायला म्हणून बसावं आणि उठताना तोंड कडू व्हावं, असेच किस्से जास्त.

*

आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग झालं होतं. म्हटलं, दिनकरराव, त्याची एक कॅसेट भरून द्या.

"वहिनी, टेप दाराबाहेर जात नाही. कॉपीही नाही."

"अहो, आवाज माझा आहे!"

"आवाज तुमचा, टेप सरकारची!"

*

राजूरकडची मंडळी एकदा गाणी रेकॉर्ड करून गेली. प्रसारणाच्या दिवशी अख्खी वाडी रेडिओ घेऊन टेकडीवर चढली. नुसती खरखर! आपल्या केंद्राचा आवाज तिकडच्या डोंगरात पोचतच नाही. त्यांचा म्हातारा बाजारासाठी नगरला आला तेव्हा मुद्दाम केंद्रात येऊन विचारून गेला.

"म्हंजी आमचं गानं आमाला सोडून समद्यांनी आयकलं म्हना की!"

*

पुढं नव्या टेपा येणंच बंद झालं. वर विचारलं तर उत्तर एकच, बजेट नाही, जुन्या पुसा आणि वापरा. एक वैद्यबुवा आपलं जुनं भाषण ऐकायला आले. केंद्राच्या साहेबांनी माणुसकीनं आत बसवलं. टेप लावली, तर त्यावर कांदा साठवणुकीची माहिती! वैद्यबुवांनी ती शेवटपर्यंत ऐकली. उठताना म्हणाले, "कांद्याचं चांगलं सांगितलंय."

पुन्हा काही ते आले नाहीत.

*

हे ऐकून मी चहा तसाच ठेवून उठले. कारण मागच्या खोलीत कमल राहते. कोल्हारची. मेसमध्ये पोळ्या लाटते. तिचा नवरा भीमराव बुद्धाची गाणी गायचा. केंद्रात त्याची एकच टेप. काविळीनं गेला, तेव्हा पोरगी पाळण्यात होती. आता ती शाळेत जाते. बापाचा आवाज तिला ठाऊक नाही.

कमलला घेऊन मीच केंद्रात गेले. आपल्याला कुठं गप्प बसवतं!

साहेब म्हणाले, "गाणं पुन्हा लावलं तर वारसाला मानधन द्यावं लागतं."

कमल म्हणाली, "मला नगंत पैसं. निस्तं लावा."

"नको म्हणून चालत नाही बाई. नियम आहे, द्यावेच लागतात."

"मंग द्या."

"बजेट नाही!"

आणि टेप? ती पुसायच्या ढिगात लागलेली.

*

मी मोटारपंपाच्या दुकानदाराला गाठलं. मानधन तुम्ही भरा, प्रायोजक व्हा म्हटलं. त्यानं विचारलं, "काकू, गाण्यात पंपाचं नाव घालता येईल का?" मी म्हटलं, गाणारा वारलाय. मग तो वरमला आणि हो म्हणाला. पुढं पंप, मागं पंप, मध्ये भीमराव.

साहेबांनी बुद्धपौर्णिमेची सकाळ दिली. वर बजावलं, "एकदाच हं. नंतर ती टेप कृषीवाल्यांना द्यायचीय."

*

बुद्धपौर्णिमेला अर्धी गल्ली माझ्या ओट्यावर जमली. माझ्या टू-इन-वनचं रेकॉर्डिंग कधीच बिघडलेलं, आणि गाणं भरून घ्यायला गल्लीत दुसरा नव्हता. पोरीला रेडिओच्या अगदी पुढ्यात बसवलं.

पंपाची जाहिरात झाली. पेटीचा सूर आला. आणि भीमराव गायला लागला. भरदार, मोकळा गळा. पोरगी रेडिओच्या जाळीला कान लावून बसली. दिनकरराव मान खाली घालून उभे.

कमल दिसेना. मागं जाऊन पाहते, तर पौर्णिमेसाठी नेसलेल्या पांढऱ्या साडीचा पदर खोचून मोरीत भांडी घासत बसलेली. नळ सोडलेला. ताटावर ताट आदळत होती.

मी ओरडले, "अगं कमल, गाणं लागलंय! एवढं धडपडून मिळवलं आणि ऐकत नाहीस?"

तिनं हात थांबवला नाही.

"आयकलं तर संपंल, काकू."