तुंब्यातली खूण

मी सुतार. म्हणजे होतो, असं म्हणावं लागतं आता. दिग्रसच्या रस्त्यावर माझं दुकान आहे, तिथे प्लायवूडची कपाटं आणि दाराच्या चौकटी होतात, आणि लोक मला मिस्त्री म्हणतात. साठी उलटली. गुडघे बोलतात, उजवा खांदा वर जात नाही. कंटाळा आलाय, खरं सांगतो. पण एक गोष्ट उरावर बसली आहे, ती सांगून टाकतो.

आमच्या घरात बैलगाडीची लाकडी चाकं व्हायची. मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, हे घरातले वस्ताद. चाकाच्या मधोमध जो लाकडी गोळा असतो त्याला आम्ही तुंबा म्हणतो. त्याला भोक पाडायचं, भोकात लोखंडी नळी ठोकायची, त्या नळीतून गाडीचा आस जातो. नळी बसण्याआधी मोठेबाबा भोकाच्या आतून पटाशीनं तीन बारीक चिरा मारत. ती आमच्या घराची खूण. नळी बसली की ती कोणाला दिसत नाही, गिऱ्हाइकालाही नाही. आणि ती प्रत्येक चाकात पडत नसे. जे चाक मोठेबाबांना पटलं, त्यातच. कोणत्या चाकात मारली ते सांगत नसत. नळी बसवायची वेळ झाली की आम्हा सगळ्यांना चहाला पिटाळत.

बाविसाव्या वर्षी मी पहिलं चाक एकट्यानं केलं. गावच्या देवळाच्या रथाचं, उजवं. डावं मोठेबाबांचं. माझ्या एका आऱ्यात, म्हणजे तुंब्यापासून कडेपर्यंत जाणाऱ्या दांड्यात, गाठ आली होती. मोठेबाबांनी ती अंगठ्यानं दाबून पाहिली. तीन दिवस चाकाभोवती फिरले. शेवटी "चालन," म्हणाले आणि मला चहाला धाडलं. आता नुसतं चालेल म्हटल्यावर काय समजायचं माणसानं? विचारायची छाती नव्हती. गाठ पाहूनच खूण नसेल मारली, असं मी धरून चाललो. पुढे दहा-पंधरा वर्षं चाकं केली, दर वेळी चहाला गेलो, दर वेळी तेच. मग गाड्यांना रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आले, आणि चाकांचं काम संपलं. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी देवळाची मंडळी दुकानात आली. रथाच्या डाव्या चाकाचा तुंबा उभा चिरला होता. जत्रेच्या आधी नवं चाक पाहिजे म्हणाले. लाकडी चाक करणारा आसपासच्या गावांत मीच उरलोय, हेही म्हणाले. हसावं की रडावं कळेना. जुनी सुकलेली बाभूळ कुठे मिळाली नाही. मिळाली ती आदल्याच वर्षी तोडलेली. तीच घेऊन कामाला लागलो.

मोठेबाबा तेव्हा नव्वदीला टेकले होते. डोळे गेले होते. दुकानाला लागून पडवी आहे, तिथे खाटेवर पडून असत. चाक उभं झालं तसं मी ते लोटत खाटेपाशी नेलं. त्यांनी बोटाच्या पेरानं तुंबा वाजवला.

"ओलं हाय," ते म्हणाले.

"जत्रा तोंडावर आली, मोठेबाबा."

"जत्रा दरसाल येते. लाकडाले थांबा लागते."

मी त्यांच्या पायाशी बसलो. जे चाळीस वर्षांत विचारलं नाही ते विचारलं. "खूण मारता का? तुमचा हात मी धरतो."

"या चाकात नाही."

"मंग कोणत्या चाकात? आता कोणतं चाक होनार हाय माह्या हातून?"

त्यांनी पाण्यासाठी हात पुढे केला. मला इतका राग आला की गडवा न देताच मी उठलो. त्याची अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला आम्ही हत्याराला हात लावत नाही. हत्यारं पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, आणि दुकान बंद. म्हणजे त्या दिवशी तिथे कोणी फिरकणार नाही. भर दुपारी मी पाटावरची पटाशी उचलली, तिचं कुंकू सदऱ्याला पुसलं आणि तुंब्यात आतून तीन चिरा मारल्या. लगेच वरून नळी ठोकली. हातोड्याचा आवाज पडवीत जाईल, हे काही सुचलं नाही.

सकाळी चहा द्यायला गेलो.

"का बे, काल काय ठोकून राह्यला होता?"

"नळी बसवत होतो."

"अमोशाले?"

"हो."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चाकाचा विषय पुन्हा काढला नाही. त्याच साली दिवाळीनंतर ते गेले.

यंदाच्या जत्रेत माझं ते चाक खिळखिळं झालं. लाकूड सुकलं, आकसलं, आरे सुटले, आणि देवळापासून शंभर पावलांवर रथ एका अंगाला कलला. देव खाली आला नाही, एवढंच. मंडळींनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि त्यानंच जास्त लागलं. त्यांनी रथाला रबरी टायर बसवले, आणि दोन्ही लाकडी चाकं माझ्या दुकानात आणून टाकली. त्यांतले एक जण म्हणाले, "मिस्त्री, उजवं चाक अजून टणक हाय. देवळाच्या कमानीवर टांगतो. मधातली नळी काढून द्या, तिथं लाइट बसवू."

उजवं म्हणजे माझं पहिलं. नळी गंजून बसली होती, काढण्यात सकाळ गेली. तो गाठीचा आरा जागचा हलला नव्हता. नळी निघाली तसं फुंकर मारून मी सवयीनं भोकात बोट फिरवलं, आणि बोट अडलं. चाक दाराशी उजेडात नेलं. तीन चिरा होत्या, बारीक, एकसारख्या. तसा हात घरात एकाचाच होता.

म्हणजे बाविसाव्या वर्षीच दिली होती. आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. मी दुकानाच्या उंबऱ्यावर बसून रडलो, त्यांच्यावर चिडलो, पुन्हा रडलो. खाटेवरून ते "या चाकात नाही" म्हणाले, तेव्हा खरंच त्या एका चाकाबद्दल बोलत होते. मी ते स्वतःबद्दल ऐकलं. जे घरात होतं तेच चोरलं, तेही अमावास्येला, ओल्या लाकडात.

मग नव्या चाकाची नळी काढली. माझ्या चिरा खोल आणि वाकड्या होत्या. त्या पटाशीनं खरवडून साफ केल्या. मंडळींना फोन केला, कमानीवर हे नवं चाकच न्या, लाइट यातच बसवा, उजवं माझ्याकडे राहू द्या.

जुन्या चाकात नळी परत ठोकून खूण झाकायची होती. हातोडा उचलला, खाली ठेवला, आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहून आलो. अमावास्येला अजून चार दिवस होते.