कोलोन ते ब्रसेल्स, चकलीच्या वाटेने

काकू आधी नकाशावर दोन बोटं ठेवायच्या आणि मग चहाचं विचारायच्या. "बघ, हे कोलोन, हे ब्रसेल्स. मध्ये काही उरतं का? पुणं-मुंबईएवढं अंतर! रेल्वेनं अडीच तास." नकाशा माझ्या मुलीच्या शाळेच्या अॅटलसमधला. तो अॅटलस त्यांच्याकडेच मुक्कामाला असायचा.

ऐंशीच्या दशकात कतारमध्ये दोह्याला, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत काका-काकू आणि आम्ही एकाच इमारतीत राहायचो. काका इंजिनिअर, बोलणं बेताचं. मुलगा कोलोनला नोकरीला, मुलगी ब्रसेल्सला. मुलीनं तिथल्याच मुलाशी लग्न केलं, भाऊ लग्नाला गेला नाही, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं खलास. काकूंना एकच ध्यास: ही दोघं एकदा समोरासमोर बसावीत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती भांडण मिटवायला जात नाहीत, काहीतरी काम काढतात. युरोपला जाणारा कुणी दिसला की काकू त्याच्या हाती पुडकं द्यायच्या, आणि दर वेळी मुलीचं पुडकं मुलाकडे जायचं. मी कंपनीच्या कामाला कोलोनला निघालो, तेव्हा वरचं नाव वाचून म्हणालो, "काकू, हे चुकलं."

"अगं बाई, हो का? असू दे. त्याला म्हणावं, नेऊन दे तिला. अडीच तासांचा तर रस्ता."

मुलानं ते माझ्यासमोरच पोस्टात टाकलं. "व्हिसा लागतो हो तिकडे जायला," माझ्याकडे न बघता म्हणाला.

परत येऊन मी सांगितलं, तर काकू हसल्या. "लबाड मेला! बापावर गेलाय." मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्याच्या घरात आपण किती नाक खुपसायचं, म्हणून मी विषय सोडला.

काकू सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढं काका-काकू कायमचे नाशिकला गेले. त्याच्या आदल्या दिवाळीत काकूंनी चकलीचा पितळी सोऱ्या मुलीकडे धाडला आणि भाजणी मुलाकडे.

"चकलीशिवाय त्याची दिवाळी होत नाही," मला म्हणाल्या. "आता बसू दे पीठ घेऊन."

"नुसतं पीठ खाईल तो," काका म्हणाले.

"खाऊ दे. बघू किती दिवस खातो!"

दिवाळीला मी फराळाला गेलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. काकांनी उचलला, ऐकला आणि काकूंच्या हातात दिला. मुलीचा आवाज मला बसल्या जागी ऐकू येत होता. "आई, चकल्या तेलात विरघळतायत! दादा म्हणतो मोहन जास्त झालं, मी म्हणते कमी!"

मागून मुलगा ओरडत होता, "हिनंच ओतलं तेल!"

"जास्तच झालंय. आणखी भाजणी घालून पुन्हा मळा," काकूंनी ठणकावलं. "आणि कढईपाशी भांडू नका."

रिसीव्हर ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसून त्या रडायला लागल्या. काका घाबरले.

"अगं, आता काय झालं? भेटली ना दोघं?"

"भेटली हो," काकू डोळ्याला पदर लावत म्हणाल्या. "पण अडीच तासांच्या रस्त्याला सहा वर्षं लावली मेल्यांनी."