आईचं नाव आणि चार पाट्या

माझ्या आईचं नाव मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी तिच्या नावाच्या तीन पाट्या रंगवून घेतल्या होत्या.

सुरुवात सरकारने केली. बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा सरकारी कागदपत्रांसाठी नवा नियम आला. वर्ध्याच्या एका दैनिकात मी तीस वर्षं डेस्कवर काढली आहेत, त्यामुळे ती बातमी माझ्याच हाताखालून गेली. नियम नव्याने जन्मणाऱ्या मुलांसाठी होता. मी त्या मुदतीत बसत नव्हतो (थोडक्यात हुकलं, पंचावन्नहून अधिक वर्षांनी). पण बोरगाव मेघेत आमचं नवं घर उभं राहत होतं आणि दारावर पाटी लागायचीच होती. मी ठरवलं, पाटी नव्या नियमाने. दिवाकर, मग आईचं नाव, मग महादेवराव भोंगाडे.

यामागे भावना होती. आईच्या नावावर आयुष्यात काहीही नव्हतं. शेत वडिलांच्या नावावर, गावचं घर धाकट्या भावाच्या नावावर, गॅसचं कनेक्शनसुद्धा भावजयीच्या. एका तरी भिंतीवर तिचं नाव असावं, आणि वास्तुशांतीच्या दिवशी तिनेच पाटीवरचं फडकं दूर करून ते वाचावं. चौथी शिकलेली आहे, वाचते. तोवर तिला काही सांगायचं नाही.

एवढं ठरल्यावर लक्षात आलं की आईचं नाव मला ठाऊक नाही.

यात माझी फार चूक होती असं मला तेव्हा वाटलं नाही. आम्ही तिला माय म्हणायचो. वडील तिला "अवं" म्हणायचे, आणि फार दूरवर हाक मारायची असली तर "दिवाकरची माय". गावाला ती भोंगाडेबाई. मी जुनं रेशनकार्ड काढलं. त्यावर शांताबाई. मतदार यादी पाहिली, तिथेही शांताबाई. आमच्या धंद्यात दोन ठिकाणी एकच माहिती मिळाली की बातमी पक्की धरतात. गजूभाऊ पेंटरने पहिली पाटी रंगवली.

वंदनाने, म्हणजे माझ्या पत्नीने, पाटीकडे पाहून एवढंच विचारलं की आईंच्या आधारवर काय आहे. मी जामजवळच्या आमच्या गावी भावाला फोन केला. आधारवर सिंधुबाई होतं. भाऊ म्हणाला की एसटीत ती हेच कार्ड दाखवून फुकट फिरते आणि आजवर एकाही कंडक्टरने हरकत घेतलेली नाही. मग मतदार यादीत शांताबाई कशी? भाऊ म्हणाला, यादी करणाऱ्या मास्तरने रेशनकार्ड पाहूनच नाव उतरवलं होतं. म्हणजे माझी दोन ठिकाणं खरं तर एकच होती! नवख्या वार्ताहरांना मी या चुकीबद्दल चारचौघांत बोललेलो आहे.

दुसरी पाटी सिंधुबाईंची झाली.

"आईलाच का नाही विचारत?" वंदना म्हणाली. मी म्हणालो, मग तिला कळेल, गंमत जाईल. खरं कारण वेगळं होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने फोन करून जन्मदात्रीला तिचं नाव विचारायचं, आणि तेही स्पीकरवर, भावजय ऐकत असताना, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

वास्तूच्या दोन दिवस आधी मामा आला. सेवाग्रामच्या दवाखान्यात डोळे दाखवायचे होते, तो मुक्कामालाच राहिला. डोळ्यांत औषध घातलेलं असूनही त्याला पाटी बरोबर दिसली.

"सिंधू कोन व्हय?"

"माय."

"माही बहीण सिंधू नोय. शाळेच्या दाखल्यावर म्या सोता वाचलं हाय. कौसल्या."

मी शांतपणे विचार केला. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो. तेव्हा सासरची नावं नंतरची, माहेरचं ते मूळ. शिवाय साक्षीदार सख्खा भाऊ, आणि सोबत शाळेचा दाखला. याहून भक्कम काय असणार? गजूभाऊ आता मला पाहिलं की कुंचला न विचारताच हातात घेई. तिसरी पाटी त्याने अर्ध्या तासात केली. जाताना मला समजावलं की साहेब, माय एकच आहे ना, मग थोडं थांबून एकदाच रंगवू.

वास्तूच्या दिवशी आई सकाळच्या गाडीने आली. साठ माणसं अंगणात, गुरुजी आत खोळंबलेले. मी दारात दोन मिनिटं बोललो. नवा नियम, मातृत्व, सन्मान, असं सगळं बोलून घेतलं. आईने फडकं ओढलं, पदराने चष्मा पुसला आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"दि-वा-कर कौ-स-ल्या..." ती थांबली. "हे कौसल्या कोन व्हय रे?"

मामाने धीर केला. "अवं, तूच नं."

"मी काऊन कौसल्या? ते माही मोठी बहीण. दोन वर्साची असतानी वारली. तिच्या जन्माचा कागद होता, माह्या नोता, म्हून मास्तरनं शाळेत तिचंच नाव घातलं. तू त पाळन्यात होता, तुले काय मालूम?"

मी तिला बाजूला घेऊन शांताबाई आणि सिंधुबाईबद्दल विचारलं. शांता हे नाव वडिलांनी तांदळात लिहिलं होतं. ते एक दिवस टिकलं, कारण घरात शांता नावाची जाऊ आधीच होती. दुसऱ्या दिवशी आत्याबाईने, म्हणजे तिच्या सासूने, सिंधू केलं. रेशनकार्डावर मात्र वडिलांनी आपलं शांताच दिलं. मग माहेरी घरात काय म्हणायचे?

"पोट्टी म्हनत," आई म्हणाली.

पोट्टी म्हणजे पोरगी. ते पाटीवर लिहिता आलं नसतं. गुरुजींनी आतून मुहूर्ताची आठवण केली. मी विचारलं, "माय, मग तुझं खरं नाव कोणतं?"

"तुले कोनतं पाह्यजे?"

"माझं सोड. तुला कोणतं आवडतं?"

ती म्हणाली, "हे मले आजवर कोनं इचारलं नाई." आणि मग हळू आवाजात, "मालती. लहानपनी खेळात भांडे मांडो, तवा मी माह्यं नाव मालती ठेवत होती. बाई नको लावू. नुसतं मालती."

या नावाला कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. वंदनाने काळजीने विचारलं की आधारवर सिंधू आणि दारावर मालती, उद्या काही अडलं तर? आईने तिलाच समजावलं की कंडक्टरले सिंधू दाखवीन, इथं मालती राहीन. वंदनाने मान हलवली आणि विषय मिटला.

गजूभाऊ जेवायला आलेलाच होता. आईने त्याचं पहिलं वाढप होताच त्याला पाटीपाशी नेलं आणि स्वतः खुर्ची टाकून समोर बसली. मी पंगतीत आग्रह करत फिरत होतो, त्यामुळे चौथी पाटी मी पुरी झाल्यावरच पाहिली. तिने मालती हे नाव मोठ्या अक्षरांत काढायला लावलं होतं. आणखी थोडं मोठं, आणखी थोडं, असं करता करता फळीवरची जागा संपली. मग गजूभाऊने विचारलं की बाकीच्या नावांचं काय करू. वडिलांचं आणि आडनाव आईने राहू दिलं. दिवाकर कोपऱ्यात बसवला.

आता ती महिन्यातून चारदा येते. घरात शिरण्याआधी फाटकाशी उभी राहून पाटी वाचते, मग चप्पल काढते. भाजीवाली या घराला मालतीबाईचं घर म्हणते. तिथे मात्र बाई लागलंच.

परवा कुरिअरवाला आला. पाकीट हातात घेऊन त्याने पाटी दोनदा वाचली आणि मलाच विचारलं, "काका, इथं दिवाकर भोंगाडे म्हणून कोणी राहतात का?"

मी आत जाऊन चष्मा आणला, पाटीचा कोपरा नीट तपासला आणि हो म्हणालो.